परदेशी साइटवर १९९ रुपयांचा ड्रेस: 'ऑर्डर करा' दाबण्याआधी हे वाचा

सोलापूर हे कापडाचं शहर. इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग चालतात आणि इथल्या कारखान्यांत शिवलेले गणवेश देशभर जातात. तरीही याच शहरात रात्री जेवणं उरकल्यावर इन्स्टाग्राम उघडलं की जाहिरात दिसते: ड्रेस १९९ रुपये, ब्लूटूथ इयरफोन २४९ रुपये, मुलांच्या खेळण्यांचा संच ३४९ रुपये. वर ९० टक्के सवलत. खाली लाल अक्षरात उलटं धावणारं घड्याळ: 'फक्त ७ मिनिटं बाकी'.

नवी पेठेतल्या दुकानात याच ड्रेसला सहाशे-सातशे रुपये मोजावे लागतील. मग ही जाहिरात सोडायची का?

सोडायचीच असं नाही. परदेशी साइटवरची प्रत्येक स्वस्त वस्तू म्हणजे फसवणूक नसते. पण नवी पेठेतल्या दुकानदाराकडे एक गोष्ट असते, जी या जाहिरातीत दिसत नाही. शिवण उसवली, तर दुसऱ्या दिवशी ड्रेस घेऊन त्याच्या दारात जाता येतं. ऑनलाइन स्वस्ताईत नेमकी हीच गोष्ट तपासायची असते. वस्तू खराब निघाली, आलीच नाही किंवा पैसे भलतीकडे गेले, तर जबाबदार कोण? आणि तो जबाबदार माणूस भारतीय कायद्याच्या हाताला लागतो का?

इतकं स्वस्त परवडतं तरी कसं?

शीन, टेमू आणि अलीएक्सप्रेस ही या व्यवसायातली मोठी नावं. अलीएक्सप्रेस हे अलीबाबा समूहाचं, तर टेमू पीडीडी होल्डिंग्ज या कंपनीचं. टेमू २०२२ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. शीनचा जन्म चीनमधला, आता मुख्यालय सिंगापूरला आहे.

यांच्या स्वस्ताईमागे काही खरी कारणं आहेत. माल थेट कारखान्यातून निघतो. घाऊक व्यापारी, आयातदार, दुकानाचं भाडं हे मधले टप्पे गळून पडतात. शीन एखादं डिझाइन आधी थोड्या नगांत बनवतं आणि खपलं तरच जास्त बनवतं, त्यामुळे न विकलेल्या मालाचा बोजा कमी राहतो.

दुसरं कारण कराचं. अनेक देशांत ठरावीक किमतीखालच्या लहान पार्सलवर आयात शुल्क लागत नसे. अमेरिकेत ही मर्यादा ८०० डॉलर होती. लाखो पाकिटं वेगवेगळ्या ग्राहकांच्या नावाने पाठवली की प्रत्येक पाकीट मर्यादेच्या आत बसायचं. अमेरिकेने ही सवलत मे २०२५ मध्ये चीनमधून येणाऱ्या पार्सलसाठी आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्याच देशांसाठी बंद केली.

म्हणजे स्वस्ताईचा काही भाग व्यवसायाच्या हुशारीतून आला, तर काही भाग कर वाचवण्यातून. भारतात हा दुसरा भाग फार आधी उघडा पडला.

भारतात 'गिफ्ट'चा मार्ग कसा बंद झाला?

२०१८-१९ च्या सुमारास शीन आणि क्लब फॅक्टरी ही अ‍ॅप्स महाराष्ट्रातल्या लहान शहरांपर्यंत पोचली होती. त्या काळी पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला आयात शुल्क माफ होतं. परदेशातल्या मामाने भाच्याला घड्याळ पाठवलं तर त्यावर कर लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण विकत घेतलेला मालही 'गिफ्ट' असं लिहून येऊ लागला. कस्टम्सच्या हे लक्षात आलं आणि अशा पार्सलांची तपासणी कडक झाली.

१२ डिसेंबर २०१९ रोजी परदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून भेटवस्तूच्या नावाखाली अशी आयात बंद केली. त्यातून दोनच गोष्टी वगळल्या: जीवरक्षक औषधं आणि राखी.

पुढे गलवानच्या संघर्षानंतर, २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉकबरोबर शीन, क्लब फॅक्टरी आणि रोमवी होती. २४ नोव्हेंबर २०२० रोजी आणखी ४३ अ‍ॅप्स बंद झाली, त्यात अलीएक्सप्रेस होतं.

ग्राहकाने लक्षात ठेवावा असा भाग यानंतरचा आहे. बंदी आली त्या दिवशीही अनेकांच्या ऑर्डर वाटेत होत्या. क्लब फॅक्टरीवर माल विकणाऱ्या भारतीय विक्रेत्यांची देणी कंपनीने थांबवल्याच्या बातम्या आल्या. कारण दिलं होतं 'आपल्या हाताबाहेरची परिस्थिती'. भारतात दुकान नसलेल्या कंपनीशी व्यवहार करताना धोका फक्त खराब मालाचा नसतो. एका सरकारी आदेशाने दुकानच दिसेनासं होऊ शकतं आणि मग पैसे कुणाकडे मागायचे, हा प्रश्न उरतो.

मग शीन पुन्हा कसं दिसतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये शीन हे नाव भारतात परत आलं, पण वेगळ्या रूपात. हे अ‍ॅप रिलायन्स रिटेल चालवतं, कपडे भारतात बनतात आणि ग्राहकांची माहिती भारतातच ठेवण्याची अट आहे. नाव जुनंच असलं तरी जबाबदार कंपनी भारतातली आहे. तक्रार करायची तर इथला पत्ता आहे, इथला कायदा आहे.

म्हणून निव्वळ नाव ओळखीचं आहे एवढ्यावर निर्णय घेऊ नये. त्या नावामागे आज कोण आहे, ते बघावं. ऑगस्ट २०२५ मध्ये टिकटॉकची वेबसाइट काही जणांना उघडताना दिसली आणि 'बंदी उठली' असे मेसेज फिरले. सरकारने लगेच स्पष्ट केलं की बंदी उठवलेली नाही. साइट उघडते याचा अर्थ ती भारतात अधिकृतपणे चालू आहे, असा होत नाही.

फोनवर दिसणारी जाहिरात नेमकी कुणाची?

सोलापुरातल्या ग्राहकाला 'परदेशी सेल' म्हणून जे दिसतं, ते साधारण चार प्रकारचं असतं.

१. भारतीय कंपनीमार्फत येणारा परदेशी माल. अ‍ॅमेझॉनसारख्या मोठ्या साइटवर परदेशातून मागवण्याच्या वस्तूंचा वेगळा विभाग असतो. आयात शुल्काची अंदाजे रक्कम पैसे भरतानाच दाखवली जाते. वेळ लागतो, पण व्यवहार इथल्या नियमांत राहतो. चौघांत हा सर्वांत सुरक्षित.

२. खरी परदेशी साइट, जी भारतात पार्सल पाठवते. माल येऊ शकतो. पण कस्टम्स, परत पाठवण्याचा खर्च आणि तक्रार हे सगळं ग्राहकाच्या डोक्यावर.

३. मधला माणूस. इन्स्टाग्राम पेज किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. 'टेमूचा, अलीएक्सप्रेसचा माल मागवून देतो, आधी पैसे भरा.' इथे व्यवहार त्या साइटशी होतच नाही, त्या अनोळखी माणसाशी होतो. त्याने नंबर बंद केला की विषय संपला.

४. नकली दुकान. नाव आणि लोगो प्रसिद्ध कंपनीचा, पत्ता भलताच. साइट चार दिवसांपूर्वी उघडलेली असते आणि चार दिवसांनी बंद होणार असते.

चौथा प्रकार ओळखण्याची सोपी युक्ती आहे. पैसे भरण्याच्या पानावर काय दिसतं ते बघा. साइट म्हणते ती सिंगापूरची आहे, पण क्यूआर कोड स्कॅन केल्यावर यूपीआयमध्ये एखाद्या व्यक्तीचं नाव येतं? तिथेच थांबा. यूपीआय पिन टाकण्याआधी ज्याला पैसे जाणार त्याचं नोंदणीकृत नाव स्क्रीनवर येतं. बहुतेक जण घाईत ते वाचत नाहीत. ती एक ओळ वाचायची सवय लावली तरी मोठा धोका टळतो.

ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी, हाही एक गैरसमज आहे. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधली माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. साइट चोराची असेल, तर माहिती अगदी सुरक्षितपणे चोराकडे जाते!

प्ले स्टोअरवर न मिळणारं अ‍ॅप 'ही फाइल डाउनलोड करा' म्हणून कुणी पाठवलं, तर ते अजिबात टाकू नका. अशा एपीके फाइलमधून फोनमधले एसएमएस वाचण्याची परवानगी घेतली जाते. आणि बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो.

९० टक्के सवलत खरी असते का?

याचं उत्तर फ्रान्सच्या सरकारी यंत्रणेने शोधलं. तिथल्या ग्राहक संरक्षण विभागाने शीनच्या फ्रान्समधल्या सवलती तपासल्या आणि जुलै २०२५ मध्ये कंपनीला ४ कोटी युरोंचा दंड झाला. तपासलेल्या जाहिरातींपैकी ५७ टक्क्यांमध्ये किंमत प्रत्यक्षात कमी झालीच नव्हती. १९ टक्क्यांमध्ये सांगितल्यापेक्षा कमी सवलत होती. आणि ११ टक्क्यांमध्ये तर 'सवलती'च्या नावाखाली किंमत वाढलेली होती.

युक्ती जुनीच आहे. आधी २,००० रुपये लिहायचे, त्यावर काट मारायची आणि खाली १९९ लिहायचं. ग्राहक १९९ रुपयांच्या वस्तूची किंमत २,०००शी ताडून बघतो. खरं तर ती शेजारच्या दुकानातल्या तशाच वस्तूशी ताडायला हवी.

उलटं धावणारं घड्याळ, 'आता फक्त २ नग शिल्लक', टोपलीत न सांगता घातलेली जादा वस्तू, शेवटच्या पानावर अचानक वाढलेला खर्च: या सगळ्यांना भारतात 'डार्क पॅटर्न' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली. ऑनलाइन घड्याळाची परीक्षा घरीच घेता येते. पान बंद करा, अर्ध्या तासाने पुन्हा उघडा. सात मिनिटं पुन्हा सातवरूनच सुरू झाली, तर समजून जा.

दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. दुसरीकडे बनलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातात, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. ज्या शहराच्या नावाची नक्कल होते, त्या शहराने तरी नक्कल ओळखायला हवी.

१,००० रुपयांची वस्तू घरी किती रुपयांना पडते?

परदेशातून स्वतःसाठी मागवलेल्या वस्तूवर आयात शुल्क लागतं. 'छोटं पार्सल आहे, काही होत नाही' हा सल्ला चुकीचा आहे. पार्सल अडलं तर पैसे ग्राहकालाच भरावे लागतात.

हिशेब असा असतो. वस्तूच्या किमतीत पाठवणीचा आणि विम्याचा खर्च मिळवतात. त्यावर मूळ सीमाशुल्क. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग या सगळ्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी. म्हणजे करावरही कर.

मूळ शुल्क ३५ टक्के आणि जीएसटी २८ टक्के होता, त्या काळातलं उदाहरण घेऊ:

- वस्तू १,००० + पाठवणी ३०० = १,३०० रुपये
- मूळ शुल्क ३५ टक्के = ४५५ रुपये
- अधिभार (४५५ च्या १० टक्के) = ४५.५० रुपये
- जीएसटी (१,८००.५० च्या २८ टक्के) = ५०४.१४ रुपये
- एकूण = सुमारे २,३०५ रुपये

करांचा एकूण बोजा ७७.२८ टक्के! पाठवणीचा खर्च धरला तर हजाराची वस्तू दुपटीपेक्षा महाग. वर कुरिअर कंपनीचा हाताळणी खर्च वेगळा आणि कार्डाने परकीय चलनात पैसे भरले तर बँकेचं शुल्क वेगळं.

नंतर हे दर कमी झाले. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्के करण्याची घोषणा झाली. दर बदलत राहतात, त्यामुळे ऑर्डरच्या वेळचा दर बघावा. हिशेबाची रीत मात्र हीच राहते. परदेशी साइटवरची किंमत बघताना मनात आणखी दोन रकाने आखा: पाठवणी आणि कर. तिन्हींची बेरज नवी पेठेपेक्षा कमी आली, तरच ती वस्तू स्वस्त.

विक्रेत्याने 'पाकिटावर किंमत कमी लिहितो' किंवा 'गिफ्ट लिहितो' असं सांगितलं, तर नकार द्या. खोटी नोंद सापडली तर माल जप्त होऊ शकतो आणि आयातदार म्हणून नाव तुमचं असतं.

काही वस्तू मागवूच नयेत

परदेशात सर्रास विकली जाणारी वस्तू भारतात बेकायदा असू शकते. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे आणि त्यात आयातही आली. परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, काही ठरावीक कामांचा अपवाद सोडून. वॉकी-टॉकीसारख्या रेडिओ उपकरणांना परवानगीचे नियम आहेत. 'साइटवर मिळत होतं' हे उत्तर कस्टम्ससमोर चालत नाही.

मुलांच्या वस्तूंबाबत जास्त काळजी हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यामागे कारण आहे. २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या प्रशासनाने शीन, टेमू आणि अलीएक्सप्रेसवरच्या मुलांच्या वस्तू तपासल्या. त्यांपैकी काहींमध्ये थॅलेट्स नावाची रसायनं मर्यादेच्या कित्येक पट जास्त आढळली. प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी ही रसायनं वापरतात, आणि लहान मूल खेळणं तोंडात घालतंच.

चार्जर आणि पॉवर बँक यांच्याबाबतही स्वस्ताईचा मोह टाळावा. रात्री उशाशी चार्जिंगला लावलेली वस्तू बिघडली, तर नुकसान फक्त दोन-अडीचशे रुपयांचं नसतं. वस्तूवरचा आयएसआय परवाना क्रमांक किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूवरचा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपवर टाकून तपासता येतो.

कपडे, केसांच्या पिना, मोबाइलची कव्हरं यांत धोका तुलनेने कमी. तिथे प्रश्न मापाचा असतो. एम किंवा एल या अक्षरांवर जाऊ नका. घरातला अंगाला नीट बसणारा ड्रेस टेपने मोजा आणि साइटवरच्या सेंटिमीटरशी ताडून बघा.

पैसे कसे भरावेत?

भारतीय साइटवर कार्ड वापरताना ओटीपी येतो, याची आपल्याला सवय झाली आहे. परदेशी साइटवर अनेकदा ओटीपी येतच नाही. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे कापले जातात. म्हणजे ही माहिती चुकीच्या हातात गेली, तर तुमचं कुलूप उघडंच आहे.

म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नियम केला की नवीन कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीपासून सुरू नसावेत. ग्राहकाने हवे तेव्हा ते स्वतः सुरू करावेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये हे बटण असतं. त्याचा वापर असा करा:

- खरेदीच्या वेळीच आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा आणि झाल्यावर लगेच बंद करा.
- व्यवहाराची मर्यादा खरेदीपुरतीच ठेवा.
- पगाराच्या किंवा बचत खात्याचं डेबिट कार्ड वापरू नका. क्रेडिट कार्ड किंवा कमी शिल्लक असलेलं वेगळं खातं बरं.
- साइटवर कार्ड साठवून ठेवू नका.

'कॅश ऑन डिलिव्हरी आहे, मग भीती कसली?' असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक वेळा पाकीट उघडण्याआधी पैसे द्यावे लागतात. मोबाइलच्या जागी साबणाची वडी निघाली, तर पैसे घेणारा मुलगा फक्त पार्सल पोचवणारा असतो. त्याच्याशी भांडून उपयोग नसतो. आणि घरात कुणीच न मागवलेलं सीओडी पार्सल आलं, तर 'कुणीतरी मागवलं असेल' म्हणून आजीने पैसे देऊ नयेत, हे आजीला आधीच सांगून ठेवा.

'तुमचं पार्सल अडकलं आहे'

ऑर्डर दिल्यावर माणूस पार्सलची वाट बघत असतो, आणि ठग नेमकं हेच हेरतात. 'पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल परत जाईल, ४८ तासांत या लिंकवर माहिती भरा', असा मेसेज भारतीय टपाल खात्याच्या नावाने देशभर फिरला. पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने तो खोटा असल्याचं जाहीर केलं. टपाल खातं पत्ता दुरुस्तीसाठी अशा लिंक पाठवत नाही.

परदेशी टपालाचा क्रमांक ओळखता येतो. तो १३ अक्षरांचा असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. चीनसाठी 'सीएन', सिंगापूरसाठी 'एसजी'. हा क्रमांक मेसेजमधल्या लिंकवर न टाकता टपाल खात्याच्या स्वतःच्या साइटवर टाका. तिचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो.

खासगी कुरिअरने येणाऱ्या पार्सलसाठी ओळखपत्राची कागदपत्रं मागितली जातात आणि तो नियम खरा आहे. म्हणूनच तो ठगांच्याही सोयीचा ठरतो. कुणी आधार किंवा पॅन मागितलं तर आधी कुरिअर कंपनीची साइट स्वतः उघडा, तिथे आपला क्रमांक टाका आणि मागणी खरी आहे का ते बघा.

'मी कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले', असा फोन आला तर तो ठेवून द्या. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. कस्टम्स अधिकारी कुणाच्या खासगी यूपीआयवर शुल्क मागत नाहीत. त्यांच्या अधिकृत पत्रावर 'डिन' हा ओळख क्रमांक असतो आणि तो अप्रत्यक्ष कर मंडळाच्या साइटवर पडताळता येतो.

फसवणूक झालीच तर?

आधी काय घडलं ते ओळखा, कारण दोन वेगवेगळ्या गोष्टींना दोन वेगवेगळी दारं आहेत.

पैसे चोरीला गेले, साइट नकली निघाली: लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर किंवा सायबर पोलिसांकडे करता येते. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

माल खराब, वेगळा, किंवा आलाच नाही: कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे 'चार्जबॅक' मागा. याला मुदत असते, त्यामुळे विक्रेत्याच्या 'आज पाठवतो, उद्या पाठवतो'मध्ये महिने घालवू नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सोलापूरच्या ग्राहकाला मुंबई किंवा बेंगळुरूला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही.

२०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी साइटनाही लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं, ४८ तासांत तक्रारीची पोच देणं, महिन्याभरात निवारण करणं हे त्यात बंधनकारक आहे. कागदावर हे भक्कम आहे. अडचण अंमलबजावणीची. सोलापूरच्या आयोगाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला, पण कंपनीचं भारतात कार्यालयच नसेल, तर वसुली करायची कुणाकडून? म्हणूनच 'जबाबदार कोण?' हा प्रश्न ऑर्डर देण्याआधी विचारायचा.

पुरावा नसेल तर कोणतंच दार उघडत नाही. जाहिरातीचा, किमतीचा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पाकीट उघडताना व्हिडिओ करा, त्यात पाकिटावरचं लेबल दिसू द्या. तक्रार मिटेपर्यंत पाकीट फेकू नका.

ऑर्डर देण्याआधी पाच प्रश्न

१. साइटवर भारतातला पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे का?
२. वस्तू, पाठवणी आणि कर यांची बेरज किती?
३. ही वस्तू भारतात कायदेशीर आहे का आणि सुरक्षिततेचं चिन्ह आहे का?
४. पैसे नेमके कुणाच्या नावावर जात आहेत?
५. हे पैसे पूर्ण बुडाले तर चालतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर पाचव्याचं उत्तर 'हो' असल्याशिवाय पुढे जाऊ नये. तेवढी रक्कम मनाने आधीच सोडून दिली असेल, तर खुशाल मागवा. नसेल, तर नवी पेठेत एक चक्कर मारा. तिथे निदान घासाघीस करता येते, कापड हातात घेऊन बघता येतं, आणि दुकान उद्याही तिथेच असतं.